उच्च माध्यमिक स्तरावरील गणित विषयाची निवड (महाराष्ट्र)

उच्च माध्यमिक स्तरावरील गणित विषयाची निवड म्हणजे महाराष्ट्रात दहावीनंतर अकरावीला प्रवेश घेताना विद्यार्थ्याने गणित ठेवावे की सोडावे, ठेवल्यास कोणत्या शाखेचे घ्यावे, याविषयीचा निर्णय होय. दहावीपर्यंत गणित अनिवार्य आणि अकरावीपासून ऐच्छिक असल्यामुळे हा निर्णय वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, बहुधा निकालानंतरच्या थोड्याच दिवसांत घेतला जातो. अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, नौकानयन, संख्याशास्त्र, संगणकशास्त्र अशा अनेक पदवी अभ्यासक्रमांच्या प्रवेश-अटींत बारावीचे गणित असल्याने त्याचे परिणाम दोन वर्षांनी दिसू लागतात. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धनसारख्या किनारपट्टीच्या तालुक्यांत जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात काय शिकवले जाते, हाही या निवडीतील एक निर्णायक घटक असतो.

दहावीपर्यंतचे गणित

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. त्याच काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत गणित व विज्ञान सर्व विद्यार्थ्यांना अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध राज्यात लागू झाला आणि विषयांच्या निवडीची वेळ दहावीनंतर आली. आजची अकरावीतील निवड ही त्या आकृतिबंधाची देणगी आहे.

दहावीचे गणित दोन भागांत शिकवले जाते. भाग पहिला बीजगणिताचा असून त्यात दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता व सांख्यिकी हे घटक आहेत. भाग दुसरा भूमितीचा असून त्यात समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती व महत्त्वमापन यांचा समावेश होतो. दोन्ही भागांची प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा व २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन मिळून १०० गुण होतात. अकरावीत ज्या विद्यार्थ्यांची पहिल्या चाचणीतच दमछाक होते, त्यांची अडचण बहुधा वर्गसमीकरणे, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती या तीन घटकांत सापडते; कारण पुढचे जवळजवळ सर्व गणित याच तिघांच्या आधाराने उभे राहते. दहावीच्या एकूण टक्केवारीपेक्षा या घटकांवरील पकड हे निवडीचे अधिक विश्वासार्ह गमक मानता येते.

टक्केवारीविषयी सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. २०१० पासून राज्यात सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी काढण्याची पद्धत रूढ झाली. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ या नावाने ती ओळखली जाते. एखाद्या विद्यार्थ्याला गणितात कमी गुण असले आणि उरलेल्या पाच विषयांत चांगले असले, तर गणिताचे गुण टक्केवारीत दिसतच नाहीत. अशा विद्यार्थ्याला विज्ञान शाखेत प्रवेश मिळू शकतो. पण त्या प्रवेशावरून त्याची गणिताची तयारी कळत नाही.

काही वर्षे दहावीलाच गणिताचे दोन स्तर उपलब्ध होते. बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय मंडळाने दिला होता. पुढे गणिताचा उपयोग करावयाचा नाही अशांसाठी तो अभिप्रेत होता. २०१७-१८ मध्ये नववीचा आणि २०१८-१९ मध्ये दहावीचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा हा पर्याय बंद झाला. अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना मात्र बीजगणित व भूमितीऐवजी सातवीच्या स्तराचे अंकगणित आणि एक कार्यानुभवाचा विषय घेण्याची सवलत आहे. ही सवलत अनेक मुलांना शाळेत टिकवून ठेवते. ती घेतल्यावर अकरावीचे गणित आणि गणितावर आधारलेले तंत्रशिक्षण यांची वाट मात्र बिकट होते, हे पालकांना सवलतीच्या वेळीच सांगितले जाणे आवश्यक असते.

अकरावी-बारावीतील पर्याय

बारावीच्या परीक्षेत गणित एकाच नावाने पण दोन स्वतंत्र विषयांच्या रूपाने येते. ‘गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ या विषयाचा सांकेतांक ४० आहे आणि ‘गणित व संख्याशास्त्र (वाणिज्य)’ या विषयाचा ८८. नावाच्या सारखेपणामुळे अनेकांचा समज असा होतो की वाणिज्य शाखेतील गणित म्हणजे विज्ञानाच्या गणिताची हलकी आवृत्ती. प्रत्यक्ष पाठ्यपुस्तके चाळली असता हा समज टिकत नाही.

कला व विज्ञान शाखेच्या बारावीच्या पहिल्या भागात गणिती तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, त्रिकोणमितीय फले, रेषांची जोडी, सदिश, त्रिमितीतील रेषा व प्रतल आणि रेषीय प्रायोजन असे घटक आहेत. दुसरा भाग जवळजवळ संपूर्णपणे कलनशास्त्राचा आहे. विकलन, विकलनाचे उपयोजन, अनिश्चित व निश्चित संकलन, संकलनाचे उपयोजन व विकलक समीकरणे यानंतर संभाव्यता वितरण व द्विपद वितरण येते. भौतिकशास्त्रातील वेग, त्वरण, कार्य, विद्युतक्षेत्र या संकल्पना याच कलनाच्या भाषेत मांडल्या जातात. त्यामुळे गणित सोडून भौतिकशास्त्र ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला काही भाग पाठांतराने भरून काढावा लागतो, असा अध्यापकांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या भागातही तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, विकलन, संकलन आणि विकलक समीकरणे आहेत. दुसऱ्या भागात मात्र वेगळे जग सुरू होते. दलाली व सूट, विमा व वार्षिकी, लिनिअर रिग्रेशन, काल श्रेणी, निर्देशांक, रेषीय प्रायोजन, कामांची नेमणूक व क्रमनिर्धारण आणि संभाव्यता वितरण हे त्यातील घटक होत. सदिश आणि त्रिमितीय भूमिती येथे नाही; त्याबदली विमा हप्त्याचे गणित आणि बाजारभावाचा निर्देशांक आहे. बँक, विमा, अर्थशास्त्र व व्यवस्थापन यांकडे जाणाऱ्यास हा अभ्यास अधिक जवळचा आहे आणि तो सोपा म्हणून निवडण्याजोगा नाही.

वाणिज्य शाखेत सामान्यतः ‘गणित व संख्याशास्त्र’ किंवा ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ यांपैकी एकाची निवड होते. पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन आणि अर्थशास्त्र हे विषय दोन्हीकडे समान राहतात. चिटणीसाच्या कार्यपद्धतीत गुण मिळवणे तुलनेने सुकर मानले जाते, म्हणून मोठ्या संख्येने विद्यार्थी तिकडे वळतात. पुढे सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्याला फाउंडेशन परीक्षेत संख्यात्मक अभियोग्यतेचा १०० गुणांचा पेपर द्यावाच लागतो. त्यात व्यापारी गणित, तार्किक क्षमता व संख्याशास्त्र आहे. मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष वाणिज्य अभ्यासक्रमातही ‘गणिती व संख्याशास्त्रीय तंत्रे’ हा विषय दीर्घकाळ अनिवार्य होता. अकरावीत टाळलेले गणित तेरावीत पुन्हा समोर उभे राहिल्याचा अनुभव त्यामुळे वाणिज्य पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांना आहे.

विज्ञान शाखेत विषयगटांची नावे इंग्रजी आद्याक्षरांनी रूढ आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांचा गट ‘पीसीएम’, गणिताऐवजी जीवशास्त्र असलेला गट ‘पीसीबी’ आणि चारही विषयांचा ‘पीसीएमबी’. गणित सोडणाऱ्याला भूगोल किंवा मानसशास्त्र यांसारखा विषय घेता येतो, मात्र तो त्या महाविद्यालयात शिकवला जात असला पाहिजे. द्विलक्ष्यी अभ्यासक्रम घेणारा विद्यार्थी एक भाषा व एक विषय सोडून संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा तत्सम २०० गुणांचा व्यावसायिक विषय घेतो. बहुतेकजण अशा वेळी जीवशास्त्र सोडतात व गणित ठेवतात. कला शाखेतही गणित घेण्याची मुभा आहे. ती वापरणारे विद्यार्थी थोडेच असतात, कारण कला शाखेच्या वेळापत्रकात गणिताची तासिका ठेवणारी महाविद्यालयेही थोडीच आहेत.

पदवी प्रवेशाच्या अटी

प्रवेशाच्या संदर्भात गणिताचा प्रश्न तीन पातळ्यांवर येतो आणि त्यांची गल्लत केल्याने बरेचसे गैरसमज होतात. पहिली पातळी पात्रतेची : बारावीला गणित विषय होता का? दुसरी प्रवेश परीक्षेची : त्या परीक्षेत गणिताचा पेपर आहे का? तिसरी प्रत्यक्ष अभ्यासाची : पदवीच्या वर्गात गणित लागते का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच अभ्यासक्रमासाठी वेगवेगळी असू शकतात.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. भूदलासाठी बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी पात्र आहे. नौदल व हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित आवश्यक आहे. परंतु लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताच्या पेपरला असून तो सर्वांना एकच असतो. म्हणजे कला शाखेतून भूदलासाठी अर्ज करणारा विद्यार्थी नियमाने पात्र असला, तरी गणित न शिकता त्या परीक्षेला बसणे त्याच्या हिताचे नसते. २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ही परीक्षा मुलींनाही खुली झाली, त्यामुळे हा विचार आता मुलींच्या पालकांनाही करावा लागतो.

अभियांत्रिकी पदवीसाठी राज्यात भौतिकशास्त्र व गणित हे विषय आवश्यक असून त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र किंवा नियमांत नमूद केलेला अन्य विषय लागतो. रसायनशास्त्राला पर्याय आहे, गणिताला नाही. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीमध्ये, पीसीएम गटाचे २०० गुण असतात. भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. निम्मे गुण एकट्या गणिताकडे आहेत. समान पर्सेंटाइल झाल्यास गणितातील पर्सेंटाइल आधी पाहिले जाते. प्रश्नांपैकी सुमारे २० टक्के अकरावीच्या व ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात, म्हणून अकरावीचे वर्ष ‘विश्रांतीचे’ मानण्याची जुनी सवय येथे महागात पडते.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी याच परीक्षेतील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठी व उर्दूतही उपलब्ध असतात. गणिताचा पेपर केवळ इंग्रजीत असतो. दहावीपर्यंत ‘श्रेढी’, ‘समरूपता’, ‘जीवा’, ‘छेदिका’ या शब्दांत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावीत गणिताची सगळी परिभाषा नव्याने आत्मसात करावी लागते. सेमी-इंग्रजी वर्ग निघण्यामागे हेही एक कारण होते. येथे अडथळा बहुधा गणिताचा नसून शब्दांचा असतो, आणि तो काही महिन्यांत ओलांडता येतो. त्याच कारणाने गणित सोडणे हा मात्र दीर्घकाळ भोगावा लागणारा निर्णय आहे. राष्ट्रीय पातळीवरील जेईई मेन ही परीक्षा २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत घेतली जाते.

वास्तुशास्त्राच्या पदवीसाठी भौतिकशास्त्र व गणित लागते आणि त्याखेरीज ‘नाटा’सारखी अभियोग्यता परीक्षा द्यावी लागते. चित्रकला चांगली म्हणून वास्तुशास्त्राचे स्वप्न पाहणाऱ्या आणि गणित आवडत नाही म्हणून कला शाखेत जाणाऱ्या विद्यार्थ्याची निराशा येथेच होते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला पीसीएम व पीसीबी हे दोन्ही गट चालतात. कृषी पदवीचेही तसेच आहे. श्रीवर्धनहून खाडीपलीकडे असलेल्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला गणित सोडल्याने पात्रतेत बाधा येत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गणिताचा पेपर नाही.

विज्ञानाच्या बाहेरच्या अटी कमी परिचित आहेत. माहिती तंत्रज्ञानाच्या विज्ञान पदवीसाठी मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बारावीला गणित हा विषय असणे ही प्रचलित अट आहे, आणि वाणिज्य शाखेतील गणित त्यासाठी चालते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संख्याशास्त्र पदवीसाठी बारावीचे गणित लागते. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्स अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी सीयूईटी परीक्षेत गणिताचा किंवा उपयोजित गणिताचा पेपर देणे बंधनकारक आहे. अर्थशास्त्र हा कला शाखेचा विषय म्हणून त्याला गणित लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात अजून दृढ आहे. देशातील अग्रगण्य संस्थांच्या अटी तिला दुजोरा देत नाहीत.

श्रीवर्धन आणि रायगडचा किनारा

रायगड जिल्हा भौगोलिकदृष्ट्या कोकणात असला तरी परीक्षा मंडळाच्या रचनेत तो मुंबई विभागात येतो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. उच्च शिक्षणासाठीही हा जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. कागदोपत्री श्रीवर्धनचा विद्यार्थी मुंबईच्या विद्यार्थ्याच्या रांगेत उभा असतो. प्रत्यक्षात तालुक्याला रेल्वे नाही. सर्वांत सोयीचे स्थानक कोकण रेल्वेवरील माणगाव असून तेथे घाटवळणाच्या रस्त्याने जावे लागते.

श्रीवर्धन शहरात गोखले एज्युकेशन सोसायटीचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीसाठी जवळची मोठी संस्था म्हणजे माणगाव तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. या विद्यापीठामुळे किनाऱ्यावरील मुलांना घरापासून फार दूर न जाता अभियंता होता येऊ लागले, आणि अकरावीत गणित ठेवण्याला या भागात एक प्रत्यक्ष अर्थ प्राप्त झाला.

लहान गावांत विषयांची निवड बहुतांशी महाविद्यालयाच्या वेळापत्रकाने ठरते. वर्गात गणित घेणारे विद्यार्थी मोजके असतील तर तासिका टिकवणे संस्थेला अवघड जाते. तासिका नसेल तर पुढच्या वर्षी विद्यार्थी येत नाहीत. हे दुष्टचक्र किनाऱ्यावरच्या अनेक गावांना परिचित आहे. परिणामी गणित हवे असलेला विद्यार्थी पनवेल, मुंबई किंवा पुण्याला नातेवाइकांकडे अथवा वसतिगृहात राहतो, आणि ज्याला ते परवडत नाही तो उपलब्ध शाखेत प्रवेश घेतो. सुपारी, नारळ, मासेमारी व पर्यटन यांवर चालणाऱ्या घरांत हा खर्च लहान नसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून टाकल्या, तेव्हा अशा कुटुंबांचे दीर्घ मुदतीचे उत्पन्नच बुडाले. नवी पोफळ उत्पन्न देऊ लागायला काही वर्षे जातात. त्या वर्षी दहावी झालेल्या मुलांच्या शिक्षणाचे निर्णय या पार्श्वभूमीवर घेतले गेले.

अकरावी प्रवेशाची केंद्रीय ऑनलाइन पद्धत पूर्वी मुंबई महानगर क्षेत्र, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांपुरती होती. २०२५-२६ पासून ती संपूर्ण राज्यात लागू झाली आणि श्रीवर्धनचे विद्यार्थीही तिच्या कक्षेत आले. अर्जात महाविद्यालय व शाखा यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. शाखेअंतर्गत गणित मिळेल की नाही, याची चौकशी मात्र विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे करणे इष्ट असते.

या किनाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण नौकानयनाचे आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातील अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या जहाजावरची नोकरी चालत आलेली आहे. दहावीनंतर जनरल पर्पज रेटिंग या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाने खलाशी म्हणून जहाजावर जाता येते. त्यासाठी बारावीचे गणित लागत नाही. अधिकारी होण्यासाठी मात्र भारतीय सागरी विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांत मिळून सरासरी ६० टक्के, तसेच दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के गुण आवश्यक असतात. नॉटिकल सायन्सची पदविका, तीन वर्षांची पदवी आणि सागरी अभियांत्रिकी या तिन्ही वाटा याच अटीतून जातात. एकाच जहाजावर डेकवर काम करणारा खलाशी आणि ब्रिजवर उभा असलेला अधिकारी यांच्या वेतनात व अधिकारात जे अंतर असते, त्याची सुरुवात कित्येकदा अकरावीच्या प्रवेश-अर्जातील एका विषयापाशी झालेली असते.

गणित सोडल्यानंतरचे मार्ग

गणित एकदा सोडले की कायमचे गेले, हे म्हणणे अतिशयोक्त आहे. बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला मंडळाच्या परीक्षेस तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होता येते. नंतर दिलेला असा विषय कोणत्या प्रवेशासाठी ग्राह्य धरला जातो, हे त्या त्या प्रवेश नियमांत पाहावे लागते. उलट दिशेचे एक उदाहरण राष्ट्रीय पातळीवर गाजले : बारावीला जीवशास्त्र नसलेल्या पण ते नंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना ‘नीट’ देण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. परतीच्या या मार्गाला बहुधा एक वर्ष द्यावे लागते, आणि कलनशास्त्र वर्गाशिवाय स्वतः शिकणे सर्वांना साधत नाही.

दुसरा मार्ग तंत्रनिकेतनाचा आहे. दहावीच्या गुणांवर तीन वर्षांच्या अभियांत्रिकी पदविकेला प्रवेश मिळतो आणि ती पूर्ण केल्यावर पदवीच्या थेट द्वितीय वर्षात जाता येते. या वाटेने अकरावी-बारावीचे गणित आणि सीईटी दोन्ही टळतात. गणित मात्र टळत नाही, कारण पदविकेत उपयोजित गणित शिकावेच लागते. फरक इतकाच की ते यंत्र, वीज वा बांधकाम यांच्या प्रत्यक्ष कामाशी जोडून शिकवले जाते. अमूर्त मांडणीत अडखळणाऱ्या पण हाताने काम करण्यात रस असलेल्या मुलांना ही वाट अधिक मानवते. ‘कमी गुण म्हणून डिप्लोमा’ हा समाजातील दृष्टिकोन तिच्यावर अन्याय करणारा आहे.

जीवशास्त्र व गणित दोन्ही ठेवण्याचा सल्ला शिक्षक व पालक वारंवार देतात. त्यामुळे सर्व दारे उघडी राहतात हे खरे. परंतु दोन प्रवेश परीक्षांची तयारी एकाच वेळी करताना दोन्हीकडे मध्यम गुण पडण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. वैद्यकीय प्रवेशाचाच निश्चय झालेल्या विद्यार्थ्याला गणित सोडून मिळणारा वेळ उपयुक्त ठरतो. ज्याचा कल अजून ठरलेला नाही त्याने अकरावीला चारही विषय ठेवणे श्रेयस्कर. विषय बदलण्याची मुभा कधीपर्यंत आहे, हे मात्र प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवावे लागते.

धोरणे आणि मतभेद

गणित अनिवार्य असावे की ऐच्छिक, हा वाद जुना आहे. जून २०१७ मध्ये अध्ययन-अक्षमतेसंबंधीच्या प्रकरणाच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का, याचा विचार करण्यास सुचवले होते. गणितात अनुत्तीर्ण झाल्यामुळे शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलांची बाजू त्यातून पुढे आली. मार्च २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीचे गणित व भौतिकशास्त्र यांची सरसकट सक्ती शिथिल करून इतर विषयांच्या जोड्यांनाही वाव दिला. गणित न शिकलेल्यांसाठी सेतू अभ्यासक्रम घ्यावा, अशी कल्पना होती. शिक्षणतज्ज्ञांनी तिच्यावर कठोर टीका केली. कलनशास्त्राची दोन वर्षांची तयारी काही आठवड्यांच्या सेतूने भरून निघत नाही, हा आक्षेप रास्त होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाखांमधील कठोर भिंती दूर करण्याचा आणि गणितापासून सुरुवात करून विषय दोन स्तरांवर उपलब्ध करण्याचा विचार मांडला आहे. महाराष्ट्राच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात २०२४ मध्ये दहावीच्या गणित व विज्ञानासाठी एक वेगळी तरतूद सुचवण्यात आली. या विषयांत ३५ पेक्षा कमी पण २० किंवा अधिक गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला अकरावीत जाता येईल, मात्र गणित व विज्ञानावर आधारित पुढील शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असेल. तरतुदीचे समर्थक ती कला व वाणिज्य शाखांकडे जाणाऱ्यांवरील अनावश्यक ओझे कमी करते असे म्हणतात. टीकाकारांच्या मते पंधराव्या वर्षी छापलेला शेरा पुढे मिटवणे कठीण जाईल, आणि ज्या शाळांत गणिताचे शिक्षक अपुरे आहेत तेथील मुलांवरच तो अधिक प्रमाणात पडेल. दुसरा मुद्दा ग्रामीण व किनारी भागांच्या संदर्भात गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

इतर मंडळांत व इतर देशांत

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीसाठी २०१९-२० पासून ‘स्टँडर्ड’ व ‘बेसिक’ असे गणिताचे दोन स्तर सुरू केले. बेसिक घेणाऱ्याला अकरावीत मूळ गणिताकडे जाण्यासाठी स्टँडर्डची परीक्षा द्यावी लागे. कोविड काळात हा नियम शिथिल करण्यात आला. याच मंडळाने अकरावी-बारावीसाठी उपयोजित गणित हा स्वतंत्र विषयही आणला असून त्याचा रोख वाणिज्य व सामाजिक शास्त्रांकडे आहे. राज्य मंडळातील ८८ क्रमांकाच्या विषयाशी त्याचे नाते जवळचे आहे.

नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथील पद्धत अपरिचित वाटते. तेथे शाखा नसतात; अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस व कॅल्क्युलस अशी पायऱ्यांची रांग असते आणि विद्यार्थी कोणत्या पायरीपर्यंत पोहोचला, हे विद्यापीठे पाहतात. त्यामुळे निर्णायक निवड अकरावीऐवजी सातवी-आठवीतच होते : जो आठवीत अल्जिब्रा वन घेतो तोच सरळ मार्गाने बारावीत कॅल्क्युलसपर्यंत जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी तीन वर्षांचे गणित आवश्यक मानते व चार वर्षांची शिफारस करते. अल्जिब्रा टू ऐवजी डेटा सायन्स चालेल का, हा वाद तेथे रंगला आणि २०२३ मध्ये विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने तशी मुभा नाकारली. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला विद्यार्थी साधारणतः तीनच विषय घेतात. गणित घेणाऱ्याला त्याच्या जोडीला ‘फर्दर मॅथेमॅटिक्स’ हा दुसरा गणिताचा विषयही घेता येतो. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटमध्ये २०१९ पासून विश्लेषणाकडे झुकलेले व उपयोजनाकडे झुकलेले असे दोन गणित अभ्यासक्रम आहेत. भारतात अशा शाळांतून शिकून येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे वळणाऱ्यांना कोणता अभ्यासक्रम समकक्ष धरला जातो, हे त्या त्या संस्थेच्या नियमांत आधी पाहावे लागते.